सात नंबरच्या जमिनीखाली

सलूहाला राग आला की ती आधी चष्मा काढून टेबलावर ठेवते. बीर रम्ला नगरपालिकेच्या तांत्रिक कार्यालयात एकतीस वर्षांत हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. चष्मा टेबलावर आला की शिपाई कॉफीचे पेले उचलून बाहेर जायचा आणि शेजारच्या खोलीतली मंडळी फायलींत डोकं खुपसायची. नवीन माणूस असला आणि तसाच बसून राहिला, तर त्याचं नशीब.

स्फाक्सच्या दक्षिणेला, मिठागरांच्या अंगाला हे गाव. इथे जो तो मोपेडवर फिरतो, पण सलूहाची मोपेड दोन गल्ल्या आधी ओळखू येते, कारण फुटलेला सायलेन्सर ती मुद्दाम दुरुस्त करून घेत नाही. मी येतेय ते लोकांना कळलेलं बरं, असं तिचं म्हणणं. वय सत्तावन्न, अंगाने काडी, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, मुलगी राजधानीत, तुनिसमध्ये संसाराला लागली. घरात ती आणि थोरली बहीण म्निया.

तिचं काम मोजणीचं. जागेला फीत लावायची, उतार काढायचा, दुपारची सावली कुठवर येते ते बघायचं आणि कागदावर उतरवायचं. तिचा कागद कधी चुकला नव्हता. साहेब आले आणि गेले, प्रत्येकाने तिच्या कागदावर आपली सही ठोकली आणि बढती घेतली. सलूहा होती तिथेच राहिली. याचाही तिला राग होता आणि तो ती लपवत नसे.

पण खरा राग होता दवाखान्यावर. वस्तीचा सरकारी दवाखाना टायरच्या दुकानावर, भाड्याच्या दोन खोल्यांत. वर जायला सव्वीस पायऱ्या, त्याही अशा उभ्या की धडधाकट माणसालाही मध्येच धाप लागावी. दिवस भरलेल्या बायका खालच्या पायरीवर बसून राहायच्या आणि नर्स रक्तदाबाचा पट्टा घेऊन खाली यायची. म्नियाला मधुमेह. पायाला साधा फोड आला. आज जाऊ, उद्या जाऊ, गुडघे जरा बरे वाटू देत मग चढू, असं करत तीन आठवडे गेले आणि शेवटी दोन बोटं कापावी लागली. म्निया म्हणाली, अल्लाची मर्जी. सलूहा म्हणाली, अल्लाने सव्वीस पायऱ्या बांधलेल्या नाहीत.

त्या वर्षी राजधानीतून फर्मान आलं. प्रत्येक गावाने आपल्या मालकीच्या रिकाम्या पडलेल्या जागांची यादी द्यावी. त्यांवर कमी विजेवर चालणारी, ऊन-वाऱ्याचा विचार करून बांधलेली, आपलं पाणी आपण साठवणारी सार्वजनिक इमारत उभी राहू शकते का, याची तपासणी होईल. शंभरपैकी साठ गुण मिळाले तर जागा पास. नापास जागा लिलावात. तपासायला तुनिसची एक खासगी कचेरी नेमली होती आणि जागांचं वर्णन मात्र नगरपालिकेने लिहून द्यायचं होतं. म्हणजे सलूहाने.

यादीत अकरा जागा होत्या. सात नंबरची जागा म्हणजे जुना साबणाचा कारखाना, तिच्या घरापासून चार गल्ल्यांवर. बावीस वर्षांपूर्वी बंद पडला, छप्पर कोसळलं, भिंती तेवढ्या राहिल्या. जागा सपाट, रस्त्याला लागून, एकही पायरी नाही. सलूहाने मनात तिथे दवाखाना बांधून टाकला.

नऊ दिवस ती त्या एका जागेवर राबली. काठीला चिंधी बांधून सकाळ-दुपार-संध्याकाळ समुद्राकडचा वारा पाहिला. जुन्या भिंतीची सावली तासातासाला खडूने आखली. कुठली भिंत ठेवता येईल, कुठला दगड पुन्हा वापरता येईल, खिडक्या कुठल्या बाजूला हव्यात, सगळं बारा पानांत लिहिलं आणि वर इमारत म्हणून दवाखाना सुचवला. इतर दहा जागांना मिळून तिने तेवढी पानं खर्च केली नसतील. हा पक्षपातच होता, आणि कुणी तसं म्हणालं असतं तर तिने ते तोंडावर कबूल केलं असतं.

दीड महिन्याने निकाल आला. सात नंबरला अडतीस गुण. शेरा होता: जमिनीखाली मूळ अज्ञात असलेली पोकळी, खचण्याचा धोका, वीस गुण वजा. जागा अयोग्य.

सलूहाने ते दोनदा वाचलं, चष्मा टेबलावर ठेवला आणि उठून साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांचं नाव लसाद. सगळे आदराने सी लसाद म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, पण कागदावरचं काहीही खरं मानायचा.

"सी लसाद, ही पोकळी कुठून आली?"

"यंत्र फिरवलं त्यांनी जमिनीवर. यंत्रात दिसली."

"ते टाकं आहे. माजेल. तुमच्या अंगणाखाली आहे तसंच, माझ्या अंगणाखाली आहे तसंच. उन्हाळ्यात चहा कशाचा पिता तुम्ही? नळाच्या खाऱ्या पाण्याचा?"

"माजेलच्या. आमच्या घरी नळाच्या पाण्याचा चहा कुणी तोंडाला लावत नाही."

"मग त्या यंत्रवाल्याला कळू नये?"

"तो तुनिसचा पोरगा आहे, सलूहा. त्याला काय माहीत?"

"त्याला नाही माहीत, तुम्हाला तर माहीत होतं ना? सही करताना डोळे मिटले होते?"

सी लसादने पेन खाली ठेवलं. "ओरडू नकोस. मला एक सांग. तुझ्या बारा पानांत माजेल आहे?"

"असणारच."

"दाखव."

ती तरातरा आपल्या टेबलाकडे गेली, पानं घेऊन आली आणि त्याच्यासमोर उभ्याउभ्या उलटू लागली. वारा होता. सावली होती. कुंपणातलं अंजिराचं झाड होतं, त्याचा घेरसुद्धा होता. टाकं कुठेच नव्हतं.

आता यात तिचं तरी काय चुकलं म्हणावं? बीर रम्लात अंगण म्हटलं की त्याखाली टाकं आलंच. पावसाचं पाणी छतावरून अंगणात, अंगणातून टाक्यात, असं पणज्यांपासून चालत आलेलं. खरेदीखतात ते लिहीत नाहीत, नकाशात ते काढत नाहीत. घराला दार आहे असं कुणी लिहितं का? दहा हात खोल टाकं खोदणाऱ्या उस्ता अम्मारची ती मुलगी. टाकं तिला इतकं ठाऊक होतं की ते लिहायचं असतं हेच तिच्या डोक्यात आलं नाही.

"पाण्याच्या साठ्याचा रकाना तू कोरा सोडलास," सी लसाद हळूच म्हणाला. "तिथे दहा गुण होते. ते गेले म्हणून अठ्ठावन्न. त्यातून पोकळीचे वीस वजा. खाली माझी सही आहे, पण वर्णन करणारी म्हणून नाव तुझं आहे. हरकत घेतलीस तर पहिलं बोट तुझ्याकडेच येईल. निवृत्तीला दोन वर्षं राहिली तुझी. राहू दे."

"आणि जागा?"

"लिलावात. लग्नाच्या हॉलवाला आत्ताच दोनदा येऊन गेला."

सलूहाने एका माणसावर, एका यंत्रावर आणि एका अख्ख्या कचेरीवर राग काढायची तयारी केली होती. आता तो सगळा उलटून तिच्याच अंगावर आला. ती पानं गोळा करून बाहेर आली. शिपाई म्हणतो, एकतीस वर्षांत मादाम सलूहा गप्प झालेली त्याने पहिल्यांदाच पाहिली आणि त्याला जास्त भीती वाटली.

हरकतीला दहा दिवस होते. सलूहाची मोपेड थेट अम फरजच्या दारात जाऊन थांबली. अम फरज तिच्या वडिलांचा जोडीदार. वडील खोदायचे, हा आतून गिलावा करायचा. वय एक्याऐंशी, डोक्यावर लाल शेशिया टोपी, कानामागे मोगऱ्याच्या कळ्यांचा गुच्छ. अख्खी वस्ती त्याला अम, म्हणजे काका म्हणते आणि तो अख्ख्या वस्तीला शिव्या देतो.

"ते भांडं बंद कर आधी," तो दारातून ओरडला. "कान गेले माझे. उस्ता अम्मारची पोर आणि गाडी बघा, गाढवसुद्धा यापेक्षा बरं ओरडतं."

"अम फरज, साबणाच्या कारखान्याचं टाकं कुणी केलं?"

"कुणी म्हणजे? मी केलं. तुझ्या बापाने खोदलं, मी गिलावा केला. माझं लग्न व्हायचं होतं तेव्हा. चुना, राख आणि दळलेली खापरं. सतरा दिवस गोट्याने घासत बसलो होतो."

"गळतं?"

म्हाताऱ्याने तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर माफी मागून निघून गेली असती. "मी केलेलं टाकं गळतं का, असं विचारायला आलीस?"

"राजधानीवाले म्हणतात ती पोकळी आहे. मूळ अज्ञात."

"अज्ञात? मी अजून जिवंत आहे की."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं कारखान्यात गेले. सोबत वस्तीतल्या चार बायका पहारी आणि टोपल्या घेऊन आल्या. ढिगारा उपसायला दुपार झाली. दगडी झाकण सरकवलं तेव्हा कोंदट हवा बाहेर आली. अम फरजने दोन दिवस तोंड उघडं ठेवायला लावलं. तिसऱ्या दिवशी त्याने दोरीला दिवा बांधून खाली सोडला. दिवा तळाजवळ गेला आणि जळत राहिला.

"हवा बरी आहे," तो म्हणाला. "आता कुणाला तरी उतरायला लागेल. माझे गुडघे गेले. तुझ्या भावांपैकी कुणाला बोलाव."

"एक मार्सेलला, एक तुनिसला, तिसऱ्याचं पोट त्या तोंडातून जाणार नाही. मी उतरते."

"बाई माणूस टाक्यात उतरत नाही. तुझ्या बापाने तुला कधी उतरू दिलं नाही."

"नाही दिलं. तिघा भावांना कान धरून उतरवलं, त्यांतल्या एकानेही काम धरलं नाही. मी काठावर उभी राहून बादल्या ओढल्या. तेव्हाही मला राग आला होता, अम फरज, आणि अजून गेलेला नाही. शिडी धरा."

ती उतरली. खाली घोट्याइतकं काळं पाणी होतं, वर्षानुवर्षं झाकणाच्या फटीतून झिरपून साठलेलं, पिण्याच्या लायकीचं नव्हतं. पण तिने भिंतींवर हात फिरवला. गुळगुळीत, गार, कुठे भेग नाही. एका कोपऱ्यात ढलपा उडाला होता, तळहाताएवढा. तेवढंच. ती फीत लावत गेली आणि आकडे ओरडून वर सांगत गेली आणि वर बसलेल्या बाईने ते वहीत लिहिले. दहा मीटर लांब, तीन रुंद, तीन खोल. इथला वर्षाचा पाऊस तो काय, वीतभर. पण नव्या इमारतीच्या सहाशे चौरस मीटर छतावरून तेवढा पाऊस उतरला तर हे टाकं भरून वर थोडं उरतं. दवाखान्याच्या फरशा धुवायला, संडासाला, अंगणातल्या झाडांना, आणि गाळून-उकळून चहालाही. दिव्याच्या उजेडात उभी राहून तिने हिशेब पुन्हा केला. मग ती रडली. आणि रडू आलं याचा राग येऊन भराभर वर चढली.

तिने हरकत लिहिली. टाकं कोणी खोदलं, गिलावा कोणी केला, कशाचा केला, कोणत्या वर्षी, मापं, ढलपा उडालेली जागा, सगळं. खाली अम फरजचा जबाब, त्याच्या सहीसह. आणि पहिल्याच ओळीत लिहिलं की मूळ वर्णनात ही बाब माझ्या हातून राहून गेली. सी लसादने ती ओळ काढायला सांगितली. तिने चष्मा काढला. ओळ राहिली.

समितीची बैठक नगरपालिकेच्या सभागृहात झाली. तुनिसहून तपासणी कचेरीचा इंजिनिअर आला होता, वज्दी नाव, तिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला, बोलायला नम्र. त्याने हरकत वाचून आणली होती.

"मादाम, तुमचं म्हणणं पटतं मला," तो म्हणाला. "एक मार्ग आहे. ही पोकळी काँक्रीटने भरून टाकायची. धोका संपला, वीस गुण परत. त्यावर प्लॅस्टिकची नवीन पाण्याची टाकी प्रस्तावित करायची, नव्वद घनमीटर. त्याचे दहा. झाले अडुसष्ट. जागा पास."

सी लसादचा चेहरा उजळला. समितीतले दोघं माना डोलवू लागले.

सलूहाला क्षणभर वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "म्हणजे नव्वद घनमीटरचं टाकं काँक्रीटने बुजवायचं आणि त्याच्या डोक्यावर नव्वद घनमीटरची टाकी विकत आणून ठेवायची?"

"तक्ता तसा आहे, मादाम."

"भर उन्हात. प्लॅस्टिकची. पाणी तापवायला."

"तिला छप्पर करता येईल."

"आणि याला तुम्ही काटकसरीची इमारत म्हणता? दगडाखाली गार पडलेलं तयार टाकं बुजवायला सिमेंट आणणार, टाकी आणणार, तिला छप्पर घालणार. तुम्हाला शाळेत कुणी अक्कल नावाचा विषय शिकवला नाही का?"

"सलूहा," सी लसाद म्हणाला.

"सलूहा काय? तुम्ही रोज त्या पाण्याचा चहा पिता आणि इथे मान डोलवता. लाज वाटू द्या जरा." ती वज्दीकडे वळली. "शेरा काय आहे तुमचा? मूळ अज्ञात. मूळ आता ज्ञात आहे. बनवणारा माणूस चार गल्ल्यांवर बसलाय, जाऊन भेटा, शिव्या देईल, पण सांगेल. मग वीस गुण कसले कापता? आणि पाण्याच्या रकान्यात मी हेच टाकं देते. मापं दिली आहेत. तुमच्या टाकीला दहा आणि माझ्या टाक्याला शून्य, असं तुमच्या तक्त्यात कुठे लिहिलंय ते दाखवा."

वज्दीने तक्ता चाळला. खालपासून वरपर्यंत, पुन्हा वरपासून खालपर्यंत. खरंच तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. तो थोडा लाल झाला, पण त्याने कागद मिटला नाही. हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

"गुण देतो," तो शेवटी म्हणाला. "पण एक रकाना उरतो आणि तो मी कोरा सोडू शकत नाही. देखभाल. प्लॅस्टिकच्या टाकीला कंपनी दहा वर्षांचा करार देते. याला दर वर्षी पावसाआधी छत चुन्याने रंगवावं लागेल, टाकं उपसून घासावं लागेल, गिलावा तपासावा लागेल. तुमच्या जबाबात एकाच कारागिराचं नाव आहे, वय एक्याऐंशी. मादाम, पुढच्या वर्षी त्यात कोण उतरणार?"

 सलूहाने सी लसादकडे पाहिलं, तो खिडकीबाहेर बघत होता. समितीतल्या दोघांकडे पाहिलं. सगळ्यांच्या अंगणाखाली टाकं होतं आणि ते उपसायला माणूस मिळत नाही म्हणून निम्म्यांनी पंप लावून नळाचं पाणी भरायला सुरुवात केली होती. तिला भयंकर राग आला, कारण पोरगा बरोबर बोलत होता. तो चुकला असता तर तिने त्याला उभा फाडला असता. बरोबर माणसाशी भांडायची तिला सवय नव्हती.

"तो कागद इकडे द्या," ती म्हणाली.

देखभालीच्या रकान्यात तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं, सलूहा बिंत अम्मार, म्हणजे अम्मारची लेक, आणि खाली सही केली.

"तुम्ही दोन वर्षांनी निवृत्त होणार आहात," वज्दी म्हणाला.

"हो. मग मला वेळच वेळ असेल."

"तुम्हाला हे काम येतं?"

"नाही," सलूहा म्हणाली. "दहा वर्षांत मी आणखी दोघींना शिकवीन. वस्तीत दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून कंटाळलेल्या बायका पुष्कळ आहेत. लिहा."

त्याने लिहिलं. अडुसष्ट.

यादी पुढच्या गुरुवारी फलकावर लागली. सात नंबरची जागा, दवाखाना, तळमजला. त्याच दिवशी सलूहाच्या टेबलावर ठपक्याचं पत्र आलं. सर्वांना ठाऊक असलेली व जागेवर सहज कळणारी बाब संबंधित कर्मचाऱ्याने वर्णनातून वगळली, त्यामुळे नगरपालिकेची जागा जाण्याची वेळ आली, सबब नोंद घेण्यात येत आहे. एकतीस वर्षांतला पहिला ठपका. तिने तो उभ्यानेच वाचला. त्यात चुकीचा एक शब्द सापडतो का ते शोधलं, कारण सापडला असता तर ती सी लसादच्या खोलीत गेली असती. सापडला नाही. तिने पोच म्हणून सही केली आणि पत्र फाइलला लावायला स्वतःच शिपायाच्या हातात दिलं.

घरी म्नियाला तिने यादीचं सांगितलं, ठपक्याचं नाही. म्निया पाय चोळत बसली होती. "किती पायऱ्या असतील?" तिने विचारलं.

"एकही नाही."

म्नियाने नुसती मान हलवली आणि पुन्हा पाय चोळू लागली. मग म्हणाली, "माझी बोटं गेल्यावर."

 सलूहा तडक बाहेर पडली, कोपऱ्यावरच्या दुकानातून गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घेतले आणि अम फरजच्या दारात मोपेड उभी केली. म्हातारा ओट्यावर शेंगा सोलत होता. बुटांकडे पाहून त्याच्या भुवया वर गेल्या.

"हे काय नवीन?"

"तो ढलपा उडालेला कोपरा. चुना कसा भिजवायचा, राख किती, खापर किती बारीक, गोटा कसा फिरवायचा, सगळं. आजपासून."

"तुला? या वयात? अगं, तुझे हात पेन्सिल धरणारे. पहिल्या दिवशी रक्त येईल, आणि मी काही गोड बोलून शिकवणारा माणूस नाही."

"शिकवा, अम फरज," सलूहा बूट चढवत म्हणाली. "आणि ओरडू नका. ओरडायचं काम माझं."